डक्टची खोली

हॉटेलात तिला सगळे साखरबाई म्हणायचे, आणि हे नाव काही टिंगलीतून पडलेलं नव्हतं. प्रवासानं वैतागलेला, सामान हरवलेला, बायकोशी भांडून आलेला, कसलाही माणूस काउंटरपाशी येऊ दे, ही बाई त्याच्याशी असं काही बोलायची की जरा वेळानं तोच म्हणायचा, ‘असू द्या हो, खोली तयार नसली तर बसतो मी इथंच.’ नवीन लागलेल्यांना मॅनेजर साहेब सांगायचे, बाकी काही शिकू नका, बाईंच्या शेजारी उभे राहा आणि कान उघडे ठेवा.

तर अशा या साखरबाईनं एका सकाळी एका भल्या पाहुण्याला विचारलं, ‘खिडकी, खिडकी काय लावलंय मघापासून? उडी मारायचीय का?’

ऐकणाऱ्याला खरं वाटणार नाही. तिचं तिलाही वाटलं नाही. पण झालं ते असं झालं, आणि ते कसं झालं हे कळायला आधी त्या हॉटेलातल्या खोल्यांची गोष्ट कळायला हवी. माणसांचं नंतर बघू.

तिसऱ्या मजल्याच्या टोकाला एक कोपऱ्याची खोली होती. दोन भिंतींना दोन मोठ्या खिडक्या. का कोण जाणे, पण हॉटेल बांधलं तेव्हापासून ती नोकरमाणसांकडे होती. दाराआड ज्याच्या त्याच्या पिशवीसाठी एकेक खिळा, मधे एक लांब बाक, कोपऱ्यात चहाची किटली. खिडकीखाली शाळेचं मैदान. मधल्या सुट्टीत सगळे खिडकीशी जमायचे आणि कुठल्या पोरानं कुणाला पाडलं यावरून आपापसात भांडायचे. साफसफाईच्या बायकांच्या मुकादम, ज्यांना सगळे मावशी म्हणायचे, त्या बाकावर पाय पसरून बसायच्या आणि बसल्या बसल्या अख्ख्या हॉटेलची उणीदुणी काढायच्या. साखरबाई तिथं फार तर अर्धा तास टेकायची. चपला काढायची, पाय खिडकीच्या कट्ट्यावर टाकायची, चहा प्यायची, आणि परत काउंटरवर जाताना तिच्या तोंडात साखर असायची. ती साखर येते कुठून, हा विचार कुणी केला नाही. तिनंही नाही.

मॅनेजर साहेब माणूस वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. फक्त त्यांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. एके दिवशी त्यांना साक्षात्कार झाला की हॉटेलातली सगळ्यांत उजेडाची खोली, आणि तिच्यात कोण, तर पाय पसरलेल्या मावशी! झालं. खोलीला रंग लागला, पलंग आला, पडदे आले, भिंतीवर जहाजाचं चित्र आलं आणि ती पाहुण्यांची झाली. नोकरमाणसांना जागा मिळाली तळघरात, लॉन्ड्रीला लागून.

‘नुसतं बसायलाच लागतं ना तुम्हाला? मग बाक खाली नेऊ की,’ साहेब म्हणाले. आणि खरोखरच बाक खाली नेला. बाक तोच होता, एवढं त्यांचं खरं.

तळघरात भिंतीपलीकडे चादरी वाळवायची यंत्रं दिवसभर घरघरायची. डोक्यावरून एक जाडजूड पाइप गेला होता. त्याला घाम फुटायचा आणि तो टपकायचा, कुणाच्या डोक्यावर टपकेल त्याचा नेम नाही. ट्यूबलाइट फडफडायची. ओल्या कपड्यांचा नि साबणाचा वास नाकातोंडात जाऊन बसायचा. बोलायचं तर ओरडून बोलावं लागायचं, म्हणून हळूहळू बोलणंच बंद झालं. जो तो तोंड पाडून बसायचा, चहा घशाखाली ओतायचा आणि वर जायचा. बाहेर ऊन आहे का पाऊस, हे पाहुण्यांच्या छत्र्यांवरून कळायचं.

वर जायच्या जिन्याशी साहेबांनी एक आरसा लावून घेतला होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, ‘हसा! पाहुणा बघतो आहे.’ मावशी रोज त्या आरशासमोर थांबायच्या, दात विचकायच्या आणि म्हणायच्या, ‘घे मेल्या, हसले.’

आता लिंबाचंही सांगायला हवं. त्या हॉटेलात पाळी बदलताना काउंटरवरचा माणूस पुढच्या माणसाला पाहुण्यांची हालहवाल सांगायचा, आणि त्यासाठी त्यांची एक बोली ठरलेली होती. डोकं खाणारा पाहुणा म्हणजे लिंबू. ‘दुसऱ्या मजल्यावर एक लिंबू आहे, सांभाळून,’ एवढं म्हटलं की पुरे. ती खबर काउंटरवरून स्वयंपाकघरात, तिथून साफसफाईच्या बायकांत, तिथून थेट दारावरच्या माणसापर्यंत पोचायची. मग लिंबाचा चहा सगळ्यांत शेवटी, लिंबाचे टॉवेल सगळ्यांत शेवटी. आणि लिंबू जर आल्या आल्या काउंटरवरच ओळखू आलं, तर त्याला द्यायची डक्टची खोली. तिला खिडकी होती, नाही असं नाही. पण ती उघडायची इमारतीच्या पोटातल्या डक्टमध्ये. समोर हातभर अंतरावर भिंत, खालून स्वयंपाकघराचा धूर. लिंबू तिथं कसाबसा एक दिवस काढायचं आणि आपण होऊन चालतं व्हायचं. भांडण नाही, तंटा नाही, कुणाच्या अंगाला काही चिकटत नाही.

पूर्वी एखादंच लिंबू निघायचं. आता दुपारच्या पाळीचा काउंटरवाला आला की साखरबाई बोटं मोजत सांगायला लागायची, ‘पहिल्या मजल्यावर दोन, दुसऱ्यावर एक, आणि वरची ती नवराबायको तर विचारूच नकोस.’ तो गरीब स्वभावाचा. ‘ताई, सगळेच?’ एवढंच म्हणायचा.

मावशींना असं अर्धंमुर्धं बोलायची सवय नव्हती. एकदा तळघरात यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवून त्यांनी विचारलं, ‘काय ग, तुझ्याच पाळीत बरी एवढी लिंबं पिकतात?’

‘म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?’

‘काही नाही बाई. विचारलं आपलं.’

साखरबाईला ते चांगलंच झोंबलं. दोन दिवस ती मावशींशी बोलली नाही. आणि झोंबलं, कारण मनातून तिलाही कुठंतरी तीच शंका येत होती. हसायला जावं तर गाल दुखायचे. ‘बसा ना, दमला असाल’ हे वाक्य, जे ती झोपेतही बोलली असती, ते ओठापर्यंत यायचं आणि तिथंच अडकायचं.

मग व्हायचं ते झालं. एका बाईंनी मालकांना फोन करून सांगितलं की तुमच्या काउंटरवरची बाई किल्ली देत नाही, आपटते. साहेबांनी साखरबाईला केबिनमध्ये बोलावलं. तळमजल्यावरची ती केबिन म्हणजे काय, ऐसपैस, रस्त्याकडे रुंद खिडकी, खिडकीत हिरवंगार झाड.

‘बाई, ही पहिली तक्रार नाही,’ साहेब म्हणाले. ‘मालक म्हणतात, त्या आता थकल्या, काढा काउंटरवरून. मी तुमच्यासाठी शब्द टाकलाय. पण यापुढं एक जरी तक्रार आली ना, तर माझा नाइलाज आहे. लॉन्ड्रीत चादरी मोजायला माणूस हवाच आहे. पगार तोच राहील.’

पगार तोच राहील! जसं काही ती पगाराला घाबरली होती. खाली म्हणजे खाली, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, कायमचं. अर्ध्या तासानं जिचं हे झालं होतं, तिचं दिवसभरात काय होईल? आणि लोकांशी बोलणं हे एवढं एकच तिला चांगलं येत होतं. तेच काढून घेतल्यावर घरी काय तोंड घेऊन जायचं? ‘जी’ म्हणून ती बाहेर आली.

देवाच्या मनात काय असतं, सांगता येत नाही. त्याच आठवड्यात वरच्या बाथरूमचा पाइप फुटला आणि साहेबांच्या केबिनचं छत धाडकन त्यांच्या टेबलावर आलं. साहेब चहा प्यायला बाहेर गेले होते म्हणून वाचले. दुरुस्ती होईपर्यंत बसायचं कुठं? हॉटेलातल्या कुठल्या खोलीत बसावं तर ती पाहुण्याला देता येणार नाही, आणि ते साहेबांच्या जिवावर येणार. शेवटी त्यांचं टेबल निघालं तळघरात, बाकाच्या शेजारी.

‘नुसतं बसायलाच लागतं ना साहेब तुम्हाला?’ मावशींनी भाबड्या चेहऱ्यानं विचारलं. साहेबांना त्यातली खोच कळली नाही. निदान पहिल्या दिवशी तरी नाही.

दुसऱ्या सकाळी तो पाहुणा आला. पन्नाशीचा, रुंद हातांचा, कडक इस्त्रीच्या शर्टातला माणूस. शर्ट नवा होता आणि त्याला त्यात अवघडल्यासारखं होत होतं. साखरबाई नुकतीच तळघरातून वर आली होती, आणि येता येता पाइपानं आपला प्रसाद नेमका तिच्या भांगात टाकला होता. डोक्यातून पाणी, कानात घरघर, चहा अर्धा तसाच राहिलेला.

‘बाई, मी खिडकीची खोली सांगितली होती फोनवर.’

‘हो. आहे.’

‘नाही, म्हणजे खिडकी मोठी आहे ना?’

‘आहे म्हटलं ना.’

तो जरा घुटमळला. मग पुन्हा, अगदी हळू आवाजात, ‘खिडकीतून बाहेरचं दिसतं ना पण?’

आणि साखरबाईच्या तोंडून ते निघालं. उडी मारायचीय का.

माणूस चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, तिलाही चिडता आलं असतं. तो नुसता म्हणाला, ‘नाही हो बाई. उडी कशाला मारू?’ आणि किल्लीसाठी हात पुढं केला.

कोपऱ्याची खोली रिकामी होती. किल्ली समोर लटकत होती. फोनवर ठरली होती तीही तीच. साखरबाईचा हात तिच्याकडे गेला आणि वळला. त्या खोलीत आणखी एक परका माणूस पाय पसरून झोपणार, हे तिला त्या क्षणी सहनच झालं नाही, खोटं कशाला बोला. तिनं शेजारची किल्ली काढली आणि डक्टची खोली त्याच्या हातावर ठेवली. दुपारी पाळी सोपवताना म्हणाली, ‘एक लिंबू आहे. डक्टमध्ये घातलंय.’

त्या संध्याकाळी घरी तिची लेक शाळेतून रंगवून आणलेला कागद घेऊन मागं मागं फिरत होती. ‘आई, बघ ना. आई, नीट बघ ना.’

‘दिसतंय मला! डोळे फुटलेत का माझे?’

नवऱ्याचा घास हातातच राहिला. पोरगी रडली नाही. कागदाची घडी घालत तिनं विचारलं, ‘आई, मी लिंबू आहे का ग?’

घरात सगळ्यांना ती हॉटेलची बोली ठाऊक होती. किती वेळा जेवताना हसले होते ते तिच्यावरून. आज कुणी हसलं नाही. साखरबाईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. ‘वेडी का तू,’ एवढंच ती कशीबशी म्हणाली, आणि नवरा हळूच म्हणाला, ‘अगं, पाणी पी आधी.’

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली तर तो पाहुणा लॉबीत बसलेला. दाराजवळची खुर्ची काचेकडे वळवून रस्त्याकडे बघत होता. चहा मागितला होता, आला नव्हता. येणार कसा? लिंबाचा चहा! आदल्या संध्याकाळी त्यानं खोली बदलून मागितली, तर दुपारवाल्यानं बिनदिक्कत सांगितलं होतं की सगळं भरलंय. सफाईच्या बायका त्याच्या खुर्चीखालून झाडू असा फिरवत होत्या की त्यानं पाय उचलावेच. सगळं काम कसं बिनबोभाट चाललं होतं, आणि ते सुरू केलं होतं साखरबाईच्या एका शब्दानं.

तिला वाटलं, उठावं आणि सांगावं, चला, चुकून दुसरी खोली दिली गेली. पण चुकून म्हणजे कशी? मग तो विचारणार, काल भरलंय म्हणाले ते काय होतं? मग तो साहेबांकडे जाणार, आणि मग चादरी. तिनं मान खाली घातली आणि उगाच पेनांची टोपणं लावत बसली. भ्याली ती, सरळ सांगायचं तर.

तिसऱ्या दिवशी तो बॅग घेऊनच काउंटरशी आला. ‘बाई, मॅनेजर कुठं भेटतील?’

संपलं, तिला वाटलं. तिनं तळघरात फोन लावला.

साहेब वर आले ते कसे? कॉलर उघडी, केस चिकटलेले, खांद्यावर पाण्याचा ओला डाग. चौथाच दिवस होता त्यांचा तळघरातला. जिन्याशी स्वतःच लावलेल्या आरशावरून ते तसेच पुढं आले, आणि ज्या आवाजात खाली बोलायची सवय लागली होती त्याच आवाजात लॉबीत गरजले, ‘काय आहे?’

‘साहेब, मी खिडकीची खोली...’

‘खिडकी नाहीये का खोलीला?’

‘आहे, पण समोर भिंत...’

‘मग झालं तर! दिवसभर खिडकीशी बसून करायचंय काय तुम्हाला? गाड्या मोजायच्यात?’

चादरींचा ढीग घेऊन चाललेल्या मावशी जागच्या जागी उभ्या राहिल्या. आणि साखरबाईच्या एकदम लक्षात आलं. आवाज साहेबांचा होता, पण बोलणं तिचं होतं. शब्दसुद्धा जवळजवळ तेच. हसा म्हणून आरसे लावणारा माणूस तीन दिवसांत हे बोलतो?

पाहुण्याचा चेहरा लाल झाला. पण त्यानं आवाज चढवला नाही.

‘साहेब, मी बोगद्याच्या कामावर असतो,’ तो म्हणाला. ‘उजाडायच्या आत खाली उतरतो, वर येतो तोवर अंधार पडलेला असतो. चार दिवस सुट्टी मिळाली. घर इतकं लांब आहे की जाण्यायेण्यातच संपली असती. म्हटलं, मोठी खिडकी असलेली एक खोली घ्यावी आणि दिवसभर नुसतं बसावं. एवढीच हौस होती. त्या भिंतीसमोर मला कामावरच आल्यासारखं होतं हो.’ त्यानं बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला. ‘मला कुणाची तक्रार नाही करायची. मी निघतोय. फक्त एवढं विचारायचं होतं, माझं चुकलं काय? आल्यापासून इथं सगळेच माझ्यावर रागावलेत.’

साहेबांनी उघडी कॉलर नुसतीच सारखी केली.

आता बघा. तक्रार नव्हती. माणूस चालला होता. दार आठ-दहा पावलांवर होतं. साखरबाईनं तोंड बंद ठेवलं असतं तर काउंटर वाचलं होतं, आणि ठपका आलाच असता तर साहेबांवर. हे सगळं तिच्या डोक्यात आलं, नाही असं नाही. पण त्या माणसाचा प्रश्न आणि घडी घातलेला तो कागद, दोन्ही तिला एकदमच आठवले, आणि ती काउंटरच्या मागून बाहेर आली.

‘थांबा,’ ती म्हणाली. ‘तुमचं काही चुकलं नाही. चुकलं ते माझं.’

‘बाई!’ साहेब दबक्या आवाजात म्हणाले.

‘नाही साहेब, बोलू द्या मला.’ तिनं लटकत्या किल्लीकडे बोट दाखवलं. ‘कोपऱ्याची खोली पहिल्या दिवसापासून रिकामी आहे. यांनी सांगितलेली तीच. मी मुद्दाम दिली नाही. वर त्यांना नको ते बोलले, आणि सगळ्यांना सांगितलं की माणूस त्रासदायक आहे. म्हणून सगळे असे वागले. त्यांचा काही दोष नाही, त्यांनी माझं ऐकलं. आता खाली पाठवायचं तर पाठवा मला. पण आधी यांना खोलीत सोडून येते.’

आणि पाहुणा नको नको म्हणत असताना तिनं त्याच्या खांद्यावरची बॅग ओढून घेतली, किल्ली उचलली आणि लिफ्टकडे चालायला लागली. तो काय करतो, गेला मागोमाग.

खोली हातची गेल्यापासून साखरबाई त्या दारातून आत गेली नव्हती. आता आत पाऊल टाकलं आणि पहिली नजर दाराआड गेली. खिळे तसेच होते. रंगाऱ्यानं आळस करून त्यांच्यावरूनच रंग मारला होता. तिचा खिळा कडेचा. तिनं पडदे सारले, दोन्ही खिडक्या सताड उघडल्या, आणि ऊन पलंगापर्यंत आलं.

खाली मैदानात मधली सुट्टी झाली होती. पाहुणा खिडकीशी गेला, कट्ट्यावर दोन्ही हात टेकून उभा राहिला. मग एकदम म्हणाला, ‘अरे! पाडलं की त्या बारक्याला! त्या उंच पोरानं पाडलं.’

‘उंच पोरानं नाही,’ साखरबाईच्या तोंडून निघून गेलं. ‘तो लाल मोज्यांचा बघा, त्यानं पाय घातला. रोजचं आहे त्याचं.’

‘छे हो, उंच पोरगंच.’

‘चेंडू आधी बारक्यानं पळवला होता,’ मागून आवाज आला.

साहेब होते. कधी येऊन उभे राहिले, कळलंच नव्हतं. ते पुढं झाले, दुसऱ्या खिडकीतून वाकून बघायला लागले, आणि बघता बघता तिघांची चांगलीच जुंपली. लाल मोजेवाला दोषी का बारका, यावर साहेब इतके तावातावानं बोलत होते की त्यांच्या कपाळावरच्या आठ्या केव्हा गेल्या हे त्यांनाही समजलं नाही. शाळेची घंटा झाली, पोरं पांगली. साहेब तसेच उभे राहिले. वाऱ्यानं त्यांचा खांदा वाळत होता.

‘माफ करा हो,’ ते पाहुण्याला म्हणाले, आणि यावेळी आवाज त्यांचा नेहमीचा होता. ‘चहा पाठवतो. गरम.’

बाहेर येऊन त्यांनी दार लावलं. दोघं लिफ्टकडे चालायला लागले.

‘बाई, तुम्ही त्यांना काय बोलला होता?’

तिनं सांगितलं. उडीचं.

साहेबांनी डोळे मिटले. ‘आणि मी गाड्या मोजायला सांगितलं.’ मग जरा थांबून, ‘मला तीनच दिवस झाले हो खाली बसून.’

‘आम्हाला तीन महिने झाले, साहेब,’ साखरबाई म्हणाली. ना रागानं, ना साखर घालून.

लिफ्ट आली, गेली. कुणीच चढलं नाही.

‘मालकांना तुमचं कळवायचं तर माझंही कळवावं लागेल,’ साहेब शेवटी म्हणाले. ‘मग दोघंही चादरी मोजत बसू. जा, काउंटरवर जा. मघापासून तिथं कुणी नाहीये.’

त्या संध्याकाळी साखरबाईनं लेकीला जवळ घेतलं. ‘तू नाहीस ग. लिंबू मी होते. दाखव तो कागद.’ पोरगी जरा आढेवेढे घेत होती, पण शेवटी दप्तरातून तो काढलाच. कागदावर एक मोठ्ठं घर होतं आणि त्याला भिंतीपेक्षा खिडक्याच जास्त होत्या.

कोपऱ्याची खोली काही परत मिळाली नाही. साहेबांनी मालकांशी दोनदा घासाघीस केली, पण चांगल्या उजेडाची खोली कोण सोडतो? मग केबिनची दुरुस्ती झाली तेव्हा साहेबांनी सुताराला सांगून मधे एक फळ्यांची भिंत घालून घेतली. दाराकडची बाजू त्यांनी घेतली आणि खिडकीकडची नोकरमाणसांना दिली. बाक वर आला. दाराआड खिळे ठोकले गेले. बोगदेवाला पाहुणा पुढच्या सुट्टीतही आला, आणि चहा गोड नाही म्हणून कुरकुर करून गेला. मावशींचंही समाधान झालं असं समजू नका. ‘रस्ता काय बघायचा? पोरं किती छान पाडापाडी करायची,’ असं त्या अजून म्हणतात. जिन्याजवळचा आरसा मात्र त्यांनी स्वतःच वर आणला, त्यावरची अक्षरं खरवडून काढली, आणि आता त्यात बघून सगळ्या बायका केस विंचरतात.

लिंबं जगातून संपली का? छे. परवाच दुपारी पाळी बदलत असताना एक जण तणतणत आत आला. बॅग काउंटरवर आपटली, ‘इथं कुणी आहे का नाही?’ म्हणून ओरडला, वर हॉटेलच्या नावानं दोन शब्द हासडले.

दुपारवाल्यानं साखरबाईच्या कानाशी येऊन हळूच म्हटलं, ‘ताई, लिंबू. डक्टची काढू?’

साखरबाईनं त्या माणसाकडे बघितलं. डोळे तांबारलेले, गळ्याशी बटण तुटलेलं, ओठ सुकलेले.

‘कोपऱ्याची दे,’ ती म्हणाली.

‘ह्याला? अहो ताई, केवढ्यानं ओरडला तो!’

‘दे म्हटलं ना. कुठल्या तळघरातून वर आलाय बिचारा, आपल्याला काय माहीत?’

मग ती त्या माणसाकडे वळली, आणि गाल जराही न दुखता तिला हसू आलं. ‘बसा ना,’ ती म्हणाली, ‘दमला असाल.’